श्रमाचा वेष

गेल्या वर्षी प्रगतिपुस्तके देण्याच्या दिवशी एक गृहस्थ कारखान्यातील पाळी संपवून तडक शाळेत आले. अंगात तेलाचे डाग पडलेली निळी डंगरी, पायांत जड बूट, हातात पिवळा टोप. त्यांचा मुलगा आमच्या नववीच्या वर्गातला. वडील दारात दिसताच तो हलकेच म्हणाला, “बाबा, कपडे बदलून यायचे होते ना!” वडिलांनी काहीच उत्तर दिले नाही, टोप मात्र पाठीमागे धरला. त्या वेळी मला जे बोलता आले नाही, ते आज येथे लिहीत आहे.

प्रथम त्या डंगरीचीच गोष्ट घ्या. हा शब्द इंग्रजांकडून आला असे आपण समजतो. परंतु तो त्यांनी आपल्याच मुंबईतून नेला. डोंगरीच्या परिसरात विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाला हे नाव पडले, आणि पुढे त्या कापडाच्या कपड्यांनाही तेच चिकटले. १८७३ मध्ये अमेरिकेत जेकब डेव्हिस ह्या शिंप्याने व लेव्ही स्ट्राउस ह्या व्यापाऱ्याने, मजुरांच्या विजारींचे खिसे फाटू नयेत म्हणून त्यांना तांब्याचे रिबिट ठोकण्याचे पेटंट घेतले. त्याच विजारीची वंशज असलेली जीन आज आपली मुले सणासमारंभाला हौसेने घालतात. तेव्हा लाज वस्त्राची नव्हे. लाज वाटते ती त्यावर पडलेल्या श्रमाच्या डागांची.

आणि हे वस्त्र श्रमिकाला सुखासुखी मिळालेले नाही. लोहार आपला धनी आपणच होता, तोवर त्याने कमरेला चामडे बांधून ठिणग्या चुकविल्या. परंतु माणूस दुसऱ्याच्या कामावर राबू लागला, तेव्हा त्याच्या कातडीची काळजी कोणी घ्यावयाची, हा प्रश्न उभा राहिला.

इंग्लंडातील धुराड्यांचा इतिहास ह्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. तेथे अरुंद धुराड्यांत चढून काजळी खरवडण्यासाठी लहान मुले ठेवीत. कित्येकदा ती उघड्या अंगानेच चढत. ह्या धंद्यातील लोकांना पुढे जो एक विशिष्ट कर्करोग होतो, त्याचे मूळ कातडीवर साचणाऱ्या काजळीत आहे, असे लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट ह्यांनी १७७५ मध्ये दाखवून दिले. १७८८ मध्ये आठ वर्षांखालील मुलांना ह्या कामावर घेऊ नये असा कायदा झाला, पण तो बहुतांशी कागदावरच राहिला. ही दुष्ट चाल बंद पाडणारा परिणामकारक कायदा होण्यास १८७५ साल उजाडावे लागले. १८९२ मध्ये हेन्री बटलिन ह्या दुसऱ्या शस्त्रवैद्यांनी यूरोपातील इतर देशांशी तुलना केली, तेव्हा असे दिसले की, जर्मनी, हॉलंड इत्यादी देशांत हेच काम करणारे लोक अंगाला घट्ट बसणारे, काजळी आत शिरू न देणारे कपडे घालतात, आणि त्यांच्यात तो रोग क्वचितच आढळतो. म्हणजे पॉटसाहेबांच्या शोधानंतर शंभरांहून अधिक वर्षे इंग्लंडात जे दुःख चालू राहिले, ते पुष्कळ अंशी एका साध्या पोशाखाने टळण्याजोगे होते. ज्ञान होते, अगत्य नव्हते.

अगत्य असले म्हणजे काय होते, ह्याचेही उदाहरण आहे. पहिल्या महायुद्धातील सैनिकांचे लोखंडी टोप पाहून एडवर्ड बुलार्ड ह्यांनी १९१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जाड कापड व सरस ह्यांचा कठीण टोप कामगारांसाठी तयार केला. त्याच शहरी १९३३ मध्ये गोल्डन गेट पुलाचे काम सुरू झाले. त्या काळी दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक मनुष्य मरावयाचाच, असा ठोकताळा असे. आणि पुलाचा खर्च होता साडेतीन कोटी. मुख्य इंजिनियर जोसेफ स्ट्राउस ह्यांनी हा हिशेब मानला नाही. त्यांनी टोप सक्तीचा केला, आणि एक लाखाहून अधिक डॉलर खर्चून पुलाखाली जाळे बांधविले. त्या जाळ्याने १९ जणांचे प्राण वाचविले. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक परांची कोसळून जाळे फाटले व १० जण दगावले, हे दुःख आहेच. तरी एकूण मृत्यू ११ झाले, ३५ नव्हेत.

आता आपल्या दाराशी या. गटारात किंवा मैल्याच्या टाकीत संरक्षक साधनांवाचून माणूस उतरविण्यास आपल्या देशात २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. अशा मृत्यूंसाठी कुटुंबास दहा लाख रुपये द्यावेत, अशी आज्ञा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये केली. २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाखांवर नेली. तरीही अशा वार्ता वर्तमानपत्रांत येतातच. तेथील हायड्रोजन सल्फाइड वायूला प्रथम सडक्या अंड्यांची घाण येते. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते, आणि मनुष्याला धोका कळत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल तेथे काय करणार? मुळात ते काम यंत्राने व्हावे. आणि उतरणे अटळच असेल, तर बाहेरची शुद्ध हवा पुरविणारे साधन हवे.

“साधने दिली तरी हे लोकच वापरीत नाहीत,” असा आक्षेप पुष्कळ सुज्ञ लोकही घेतात. त्यात थोडे तथ्य आहे. परंतु भर उन्हात उकडणारे, मापाचे नसलेले, हातांतून निसटणारे मोजे दिले तर ते कोण वापरील? साधन अंगाला बसणारे असावे, ते वापरण्यास शिकवावे, आणि त्यापायी काम थोडे हळू झाले तर मजुरी कापू नये. एवढे करून मग दोष द्यावा.

पालकांस विनंती की, आपल्या इमारतीची टाकी साफ करावयास कोणी आला, तर “किती घेणार?” असे विचारण्यापूर्वी “साधने आणली आहेत काय?” असे विचारावे. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कित्येक उद्या इंजिनियर, ठेकेदार, अधिकारी व्हाल. तुमच्या हिशेबाच्या वहीत टोप व मोजे ह्यांची ओळ सर्वांत आधी खोडली जाते की सर्वांत शेवटी, ह्यावरून तुमचे शिक्षण किती झाले ते आम्ही ओळखू.

आणि त्या गृहस्थांना एवढेच सांगणे आहे की, पुढील वेळी कामावरून येताना कपडे बदलण्याची तसदी घेऊ नये. टोप मात्र पाठीमागे न धरता आमच्या मेजावर, प्रगतिपुस्तकाशेजारी, ठेवावा.