दर्शन झाले, बघायचे राहिले

आपल्या मुक्ताईनगर तालुक्यातला माणूस घरकोंबडा आहे असे कोणी म्हटले तर ते साफ खोटे आहे. मुक्ताईची पालखी निघाली की आपली माणसे महिनाभर पायी चालून पंढरपूर गाठतात. लग्नाला सुरत, केळीच्या गाडीबरोबर दिल्ली, दवाखान्याला जळगाव, असे आपले जाणे-येणे बारमाही चालूच असते. पण ‘नुसते बघायला जातो’ म्हटले की घरचेच विचारतात, "कायले? तठी काय ठेवलंय?" कामाशिवाय गावाबाहेर पाऊल टाकणे म्हणजे रिकामटेकडेपणा, ही आपली पक्की समजूत. माझे भांडण या समजुतीशी आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या ग्रामपंचायत सदस्यांचा अभ्यास दौरा हिवरे बाजारला गेला होता. मीही सोबत होतो. समतल चर पाहिले, पाण्याचा ताळेबंद वहीत उतरवला, चांगलेच झाले. परतताना गाडी अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरच्या फाट्यावर आली. तेव्हा एका सदस्य आजींनी विचारले, "भाऊ, हे लेण्या लेण्या म्हनतात, तिच्यात असतं काय?" गाडीत सरपंच होते, शिक्षक होते, भाऊसाहेब होते. कोणालाच धड सांगता येईना. "मूर्त्या असतात दगडाच्या," एकजण म्हणाला, आणि वेळ नाही म्हणून गाडी पुढे निघाली. पुढच्या ढाब्यावर मात्र आम्ही चांगले दीड तास बसलो.

ती गोष्ट मनाला लागून राहिली. पुढच्या वर्षी निंदणी-कोळपणी उरकल्यावर, पोळ्याच्या आधी, शेजाऱ्याच्या जीपने आम्ही सात-आठ जण मुद्दाम निघालो. बोदवड, जामनेर, पहूर, फर्दापूर. आजींना आधी बसवले.

पहिल्या नंबरच्या लेण्यात एका खांबावर चार हरणे कोरली आहेत आणि चौघांना मिळून डोके एकच. कुठल्याही अंगाने बघा, ते डोके त्याच हरणाचे वाटते. पोरे तिथेच खिळली. आजी मात्र चित्रांकडे बघतच नव्हत्या. जिथे रंग गळून पडला आहे त्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, हा तं आपला गिलावा!" खरोखरच तसे आहे. माती, तिच्यात भाताचे तूस, गवताच्या काड्या, वर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग. जन्मभर गाऱ्यात भुसा कालवून घराच्या भिंती लिंपलेल्या बाईला हे कोणी सांगावे लागले नाही. आम्ही शिकलेले लोक राजा कोणता, राणी कोणती एवढेच विचारत होतो. दीड हजार वर्षे टिकलेल्या त्या भिंतीचे मर्म तिने ओळखले.

पुढे सोळाव्या लेण्यात तिने गाइडला विचारले, "इतक्या कारागिरांना भाकरी कोन देत होतं?" गाइड हुशार. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव, त्याने हे लेणे दान दिल्याचा लेख तिथेच कोरलेला आहे, असे त्याने सांगितले. "त्यानं दाने देल्हे असतीन. थापल्या कोन्ही?" यावर गाइड नुसता हसला.

तेव्हा ‘अडाण्याला त्यातले काय कळते’ हे बोलणे आता बंद व्हावे. जत्रेत तमाशाचा फड लागला की आपला शेतकरी घोंगडीवर पहाटेपर्यंत बसतो. ढोलकीवाला बदललेला त्याला अंधारातही कळतो. वगात सोंगाड्याने कुठे हात आखडला तेही तो दुसऱ्या दिवशी पारावर सांगतो. भजनात पेटी जरा बेसूर झाली की मागून कोणीतरी खाकरतोच. असा कान असलेला माणूस जळगावला हिवाळ्यात भरणाऱ्या बालगंधर्व संगीत महोत्सवाकडे ‘ते शहरातल्यांचं’ म्हणून फिरकत नाही. वास्तविक बालगंधर्वांचे गाण्याचे पहिले धडे जळगावातच, मेहबूबखां यांच्याकडे झाले.

जुन्या जळगावातला चौधरी वाडाही असाच. असोद्याची लेक बहिणाबाई चौधरी या घरात नांदली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. १९५१ साली ती गेली, त्यानंतर तिची गाणी छापून आली. तिच्या संसारातल्या आणि शेतीतल्या वस्तू त्या घरात जपून ठेवल्या आहेत. आपल्या माळ्यावर धूळ खात पडलेल्याच वस्तू तिथे मांडलेल्या दिसतात, आणि मग घरी आल्यावर माळा चढून बघावासा वाटतो. भंगारवाल्याला द्यायच्या आधी बघितलेले बरे!

जाता जाता भुसावळचेही सांगतो. रॉबर्ट गिल नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने अजिंठ्याला वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून तिथल्या चित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या आगीत जळाल्या. हा गिल १८७९ साली वारला आणि भुसावळला पुरला गेला. आपण त्या स्टेशनावर गाडीची वाट बघत जन्म काढला, पण हे आपल्याला कोणी सांगितले नाही. असो.

सरपंच आणि भाऊसाहेबांना एवढेच सांगणे की, दौऱ्याचा कागद करताना त्यात अर्धा दिवस बघण्यासाठी लिहा. अजिंठा सोमवारी बंद असतो, हे आधी ध्यानात ठेवा. आपली गाडी फाट्यावरच ठेवून पुढे तिथल्या बसने जावे लागते. १५ वर्षांखालच्या मुलांना प्रवेशाचे तिकीट नाही. महिला सदस्यांना खिडकीजवळ बसवा, आणि त्या विचारतील ते टाळू नका.

आणि अजिंठा लांब वाटत असेल तर चांगदेव आहेच. तापी-पूर्णेच्या संगमावरचे ते जुने दगडी मंदिर केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षित केले आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत आपण तासन् तास रांगेत उभे राहतो, दर्शन घेतो आणि गर्दीतून बाहेर पडतो. अंगाला लागून असलेल्या भिंतीकडे कोणाची नजर जात नाही. जवळच्या शाळांनी आठवी-नववीची दहा-बारा मुले तयार केली आणि रांगेतल्या लोकांना ‘हे बघा, हे असे कोरले आहे’ एवढे दाखवायला उभी केली, तर खर्च काहीच नाही. आमच्या आजींनी यंदा यायचे कबूल केले आहे. मुलांनी जरा तयारीनेच उभे राहावे.