काचेचे सभागृह आणि बुजवलेले बावखल

जुने कौलारू सभागृह पाडायचे, त्या जागी काचेच्या दर्शनी भिंतींची वातानुकूलित इमारत उभारायची आणि गच्चीवर सौरपट्ट्या बसवून तिला ‘पर्यावरणस्नेही’ म्हणायचे, असा प्रघात आता वसईच्या धर्मग्रामांतही येऊ पाहत आहे. माझ्यापुढेही असाच एक ठराव आहे. या विशेषणाचा हा वापर मला फसवा वाटतो.

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, ते वाचकांनी ठरवावे. वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात मी स्वतःच असे सभागृह बांधले. मोटारी उभ्या करण्यासाठी शेजारचे बावखल बुजवण्यास संमती दिली. दोन वृद्धांनी विरोध केला, त्यांना मी जुन्या वळणाचे म्हणून बाजूस सारले. पश्चिमेकडची काच दुपारी तापू लागली, तेव्हा ती उष्णता बाहेर फेकण्यासाठी यंत्रे आणली. जुलै २०१८ मध्ये वसई दिवसचे दिवस पाण्यात राहिली आणि त्या सभागृहातील खुर्च्या तरंगल्या. एका बावखलाने पूर थांबला नसता, हे मान्य. पण प्रत्येकाने आपले एकेकच बुजवले होते.

सौरपट्ट्यांना माझा विरोध नाही. परंतु त्या इमारत वापरात आल्यानंतरच्या विजेपुरत्या आहेत. इमारतीचे बरेचसे ओझे ती उभी राहण्यापूर्वीच पृथ्वीवर पडलेले असते. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंशांपर्यंत भाजावी लागते. इंधनाचा धूर वेगळाच, पण त्या दगडातून सुटणारा कार्बन वायू त्याहून अधिक असतो. मानवनिर्मित कार्बन वायूपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. पट्ट्या बसवून ही आधीची उधारी कशी फिटणार?

मग निराळे बांधता येते काय? त्याचे उत्तर केरळात उभे आहे. बर्मिंगहॅमचे वास्तुविशारद लॉरी बेकर युद्धकाळात चीनमध्ये रुग्णसेवा करून परतताना मुंबईत बोटीसाठी थांबले असता त्यांची गांधीजींशी भेट झाली. पाच मैलांच्या परिघात मिळेल त्या साहित्यातून घर बांधावे, हा गांधीजींचा विचार ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. त्रिवेंद्रमच्या लोयोला संस्थेतील प्रार्थनामंदिर त्यांचेच. विटांच्या जाळीतून तेथे वारा आणि उजेड मुक्तपणे येतात. ते विटा कडेवर उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवीत. त्यामुळे सुमारे चतुर्थांश विटा वाचतात आणि पोकळीतील हवा ऊन अडवते. स्लॅबच्या खालच्या थरात, जेथे काँक्रीट ताण पेलत नाही, तेथे ते मंगलोरी कौले घालीत. आम्ही मात्र उतरवलेली कौले गाड्या भरून भरावात टाकतो!

आक्षेप मला ठाऊक आहेत. कौले गळतात, वाशांना वाळवी लागते, सुतार मिळत नाही. यातले शेवटचे फार खरे आहे. गावातला शेवटचा जाणकार सुतार आता सत्तरीत आहे आणि त्याचा मुलगा दुबईत. विटाही भट्टीतच भाजतात, त्या काही निष्पाप नाहीत. बेकर १९७१ साली जे करू शकले, ते जसेच्या तसे आपण उचलावे, असे मी म्हणत नाही. पण जे सभागृह उभे आहे, त्याचे ओझे पृथ्वीने केव्हाच सोसलेले आहे. ते पाडून आपण ते वाया घालवतो आणि नवे ओझे टाकतो. ‘लोक काय म्हणतील, फादर? शेजारच्या धर्मग्रामात तर लिफ्टसुद्धा आहे,’ हा खरा आक्षेप आहे. बाकीचे सारे त्याचे पांघरूण.

२०१५ साली पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ आले, तेव्हा त्यावर मी चार रविवार प्रवचने दिली. ती मी काचेच्याच सभागृहात, पंखे-यंत्रांच्या आवाजात दिली होती.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. ठराव मतास टाकण्यापूर्वी वासे, कौले आणि ओटा यांच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक मागवावे आणि ते नव्या इमारतीच्या अंदाजपत्रकाशेजारी चर्चच्या दारात लावावे. नव्या इमारतीच्या कागदावर विजेचे वार्षिक बिलही असावे. आणि शेजारचे उरलेले बावखल कोणत्याही नकाशात वाहनतळ म्हणून दाखवू नये. त्या नकाशावर मी सही करणार नाही.