कमरेचा पट्टा

गेल्या आठवड्यात सूनबाई बालवर्गातून आलेली यादी घेऊन घरी आली. पांढरा शर्ट, टाय, कमरेला पट्टा, काळे बूट, पांढरे मोजे. नातू साडेतीन वर्षांचा. जून सरत आलाय, येळवंडी नदीचं पाणी गढूळ झालंय, दारात घोट्याएवढा चिखल आहे, आणि यादीत पांढरे मोजे!

मंगळवारी पोरगं ओलं होऊन आलं. मला वाटलं, पावसात भिजलं. तर तसं नव्हतं. पट्टा सुटेना, बाईंना सांगायची लाज वाटली, आणि व्हायचं ते झालं. दिवसभर कुणाशी बोललं नाही. रात्री माझ्या गोधडीत शिरून म्हणालं, "आजी, मी सोडत होतो गं." तेव्हापासून ते वाक्य कानातून जात नाही. खोट त्या पट्ट्यात आहे, पोराला कशाला लाज?

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, सोबत अनुताई वाघ. वस्तीवरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आंघोळ, वेणीफणी, नखं कापणं हाही शिकण्याचाच भाग धरला. माँटेसोरीबाईंच्या साहित्यात तर बटणं, नाड्या, हूक लावायच्या कापडी चौकटीच असतात. स्वतःचे कपडे स्वतः घालता-काढता येणं हा या वयाचा खरा अभ्यास. आपण तो पोरांच्या हातून काढून घेतो आणि वर टाय बांधतो.

बुधवारी सकाळी मी शिवणयंत्र काढलं. दोन जुन्या चड्ड्यांना सैल इलॅस्टिक घातलं. नाडी नको, ओल्या नाडीची गाठ मोठ्यांनाही सुटत नाही. शर्टाला दोनच बटणं, मोठी. नाव लिहून उपयोग नाही, त्याला कुठे वाचता येतं? म्हणून प्रत्येक कपड्याच्या आत लाल दोऱ्यानं एक पान काढलं. आता आपला कपडा तो लगेच ओळखतो. छातीला पिनेनं रुमाल, पिशवीत एक सुका जोड आणि ओले कपडे ठेवायला वेगळी पिशवी. डब्यात तूप-गुळाची पोळी गुंडाळून दिली. तीन दिवस घरीच डबा उघडायचा सराव करून घेतला, कारण घट्ट झाकणामुळे किती पोरं उपाशी परततात हे सूनबाईनं स्वतः पाहिलंय. पायात बूट नाहीत, साध्या मागून पट्टीच्या चपला. शाळेला चिठ्ठीही पाठवली, सगळं सविस्तर लिहून. बाईंनी कपडे मान्य केले, टायचं अजून ठरायचंय.

राहिला रेनकोट. बाजारातला रेनकोट त्याच्या घोट्यांपर्यंत येतो, बाह्यांत हात सापडत नाहीत आणि टोपी डोळ्यांवर. तेव्हा मला इरलं आठवलं. आमच्या वरच्या खोऱ्यात, भुतोंड्याकडे, आवणीच्या दिवसांत बायका इरलं डोक्यावरून पाठीवर घेत. बांबूच्या कामट्यांची जाळी, आत पळसाची पानं. बाई वाकली की पाठ झाकते, आणि दोन्ही हात मोकळे राहतात. रोप लावायला हात मोकळे हवेत, म्हणून तर ते तसं केलेलं. माझी आई आवणीला गेली की मला बांधावर इरल्याखाली बसवायची. आत पानांचा ओला वास यायचा, बाहेर पाऊस. भिजलेली चिखलाची पावलं आत घेऊन मी तिची वाट पाहत असायची.

आता आवणीला सगळीकडे प्लॅस्टिकचा कागद दिसतो, आणि इरलं बांधणारे हात थोडे राहिले. शेजारच्या वाडीतल्या एका आजोबांना विचारलं, पोराच्या मापाचं जमेल का? ते आधी हसले, मग बांबू शोधायला गेले. शुक्रवारी बांधून दिलं. पळसाची पानं मी आणि नातवानं मिळून अंथरली. बालवर्गात ते न्यायचं की नाही ते पुढे पाहू. सध्या तो पडवीत त्याखाली बसून डबा उघडतो, बंद करतो, पुन्हा उघडतो.