जादूगाराची जाहिरात

जादूगारास कला दाखविण्यापूर्वीं गर्दी जमवावी लागते. आमच्याकडील गारुड्यास त्याकरितां डमरू पुरे. हूदिनीनें आपला देहच टांगला! वेड्यांचे हात जखडण्याकरितां वापरीत तो डगला अंगांत चढवून तो अमेरिकेंतील शहरांत भररस्त्यावर, पुष्कळदां वर्तमानपत्राच्या कचेरीवरूनच, उलटा लोंबकळे व हजारों लोकांदेखत आपणांस सोडवून घेई. बातमी कचेरीच्या दारींच तयार होई. यांत कपट नव्हतें, अंगमेहनत होती. १९१८ सालीं न्यू यॉर्कच्या हिप्पोड्रोम नाट्यगृहांत त्यानें जिवंत हत्ती नाहींसा केला, ती मात्र निव्वळ फसवणूक. परंतु ती पाहणाऱ्यांनीं तिकीट काढलें होतें, आणि आमच्या मतें सारा भेद येथेंच आहे.

१९२१ सालीं लंडनमध्यें सेल्बिट यानें स्त्रीस करवतीनें कापण्याचा खेळ आणला, तेव्हां नाट्यगृहाबाहेरील गटारांत रक्तासारखें पाणी बादल्यांनीं ओतविलें. ९ एप्रिल १९५६ रोजीं बंगालचे पी. सी. सरकार यांनीं बी. बी. सी.च्या 'पॅनोरमा' कार्यक्रमांत असाच खेळ केला. कापलेली मुलगी उठण्यापूर्वींच निवेदकानें कार्यक्रम आटोपला. घाबरलेल्या लोकांनीं दूरध्वनीवरून विचारणांचा भडिमार केला, दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत तीच वार्ता, आणि सरकारांच्या लंडनमधील खेळांस गर्दी लोटली. सरकार वेळेविषयीं मोठे काटेकोर. तेव्हां हा योगायोग मानण्यास पुष्कळजण तयार नाहींत.

मुलगी अर्थात् सुखरूप होती. परंतु घरीं मुलांसह बसलेल्या मातेनें भिण्यास संमति कधीं दिली होती? सरकारांच्या कौशल्याचा अभिमान बाळगूनहि आम्ही हूदिनीचा दोरच पसंत करूं.