खेकड्याच्या पिल्लाचंही ऐका

हवामान बदल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? वितळणारा बर्फ, जंगलातले वणवे, कडक उन्हाळा. सगळी गोष्ट उष्णतेची! पण माझ्या मते ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी समुद्राच्या पाण्यात घडते आहे. ती शाळेत शिकवलीच पाहिजे.

गाड्या, विमानं आणि कारखाने यांच्यातून कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातला सुमारे पाव भाग समुद्र शोषून घेतो. हा वायू पाण्यात मिसळला की आम्ल तयार होतं. कारखाने वाढण्याआधी समुद्राच्या वरच्या पाण्याचा पीएच सुमारे ८.२ होता. आता तो सुमारे ८.१ आहे. "एवढासाच फरक?" असं तुम्ही म्हणाल. पण पीएचच्या मापात एवढासा फरक म्हणजे आम्लता जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढली!

याचा त्रास कोणाला होतो? खेकडे, कोळंबी आणि आपला जवळा हे सगळे कवचधारी प्राणी. कवच म्हणजे त्यांचं चिलखतच. त्यातले बरेच जण कवच कडक करायला चुना वापरतात, आणि आम्लामुळे चुना विरघळतो.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर डंजनेस नावाचा खेकडा मिळतो. तिथल्या अनेक मच्छीमारांचं पोट त्याच्यावर चालतं. त्याची इवलीशी पिल्लं आधी पाण्यात तरंगत असतात. शास्त्रज्ञांनी २०१६ साली अशी पिल्लं समुद्रातून गोळा करून तपासली. काहींच्या कवचाचा भाग विरघळत होता. ज्या बारीक केसांनी पिल्लाला आजूबाजूचं कळतं, त्यांनाही इजा झाली होती. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे हे पुढे कधीतरी होणार आहे असं नाही, ते सुरू झालंय.

काही जण म्हणतात, "मोठा खेकडा दणकट असतो. शिवाय काही छोटे जीव आम्ल सहन करतात." हे खरं आहे. पण मोठा खेकडा काही आकाशातून पडत नाही! आधी त्याचं लहानपण सुखरूप जावं लागतं. मूळच पोखरलं तर झाड उभं कसं राहणार?

दुसरे म्हणतात, "सूर्याचा थोडा प्रकाश अडवू या, पृथ्वी थंड होईल." होईलही कदाचित. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड तसाच राहील आणि समुद्र तो शोषतच राहील. सावली धरून आम्ल कमी होत नाही. त्यासाठी धूर सोडणंच कमी करायला हवं.

म्हणून पुढच्या वेळी वर्गात कोणी "हवामान बदल म्हणजे फक्त गरमी" असं म्हणालं, तर हात वर करा. आणि या पिल्लाबद्दल सांगा.