बाळंतिणीचे वजन आणि वेळेचा हिशेब

कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीत एखाद्या घरातून ओव्याच्या धुरीचा वास आला, की तेथे बाळंतीण आहे हे निराळे सांगावे लागत नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर हा सरंजाम अजून टिकून आहे. मात्र तो रूढ झाला त्या काळी सव्वा महिन्यानंतर सामान्य घरातली स्त्री जात्यावर बसे, विहिरीचे पाणी शेंदे. जाते गेले, विहीर गेली. तूप तेवढे राहिले. आणि वजन वाढले की दोष बाळंतिणीच्या आळसाचा!

याउलट, 'पोट कधी उतरणार?' या प्रश्नाने धास्तावून जेवण तोडणाऱ्या सुशिक्षित मुलीही आहेत. अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सुमारे 500 कॅलरी अधिक लागतात. तिने उपाशी राहणे म्हणजे भांडवल मोडून व्यवहार चालविणे होय. नऊ महिन्यांत वाढलेले वजन सावकाशच उतरावयाचे. त्यासाठी हवे चालणे, डॉक्टरांना विचारून केलेला व्यायाम आणि झोप. म्हणजे मुख्यतः वेळ. पतीने रोज तासभर मूल सांभाळले, तरी त्यातला थोडा मिळेल.

2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर नेली, हे उचितच झाले. परंतु ही रजा आस्थापनेतील नोकरदार स्त्रीची. बाळंतिणीला तेल लावावयास येणारी बाई स्वतः बाळंत झाली तर? तिचा प्रश्न पुष्कळदा वाढत्या वजनाचा नसतो, अंगात रक्त नसण्याचा असतो. ती ज्या चार घरी जाते, त्यांनी मिळून तिला तीन महिन्यांचा पगार घरबसल्या द्यावयास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.