भिंतीवरचा गालिचा
सोव्हिएत काळातल्या घरांच्या जुन्या फोटोंत माणसांच्या मागे भिंतीवर टांगलेला लाल गालिचा हमखास दिसतो. त्याला आज बुरसटलेपणाची खूण मानतात. हा अन्याय आहे.

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हच्या राजवटीत, लाखो कुटुंबांना स्वतंत्र घरे मिळाली. पण भिंती पातळ, शेजारचे बोलणे ऐकू यायचे. पलंगालगतचा लोकरी गालिचा थंडी अडवायचा, आवाजही दाबायचा. शिवाय तो सहजासहजी मिळत नसे. मग घरच्यांनी तो अभिमानाने मिरवला, यात वावगे काय?

ही रीत नवीही नव्हती. मध्य आशियातले भटके पशुपालक तर युर्ट या गोल तंबूतही विणकाम टांगत. तिथल्याच तुर्कमेनिस्तानने १९९२मध्ये गालिच्याची पाच नक्षीचिन्हे थेट राष्ट्रध्वजावर घेतली. अशा परंपरेचा गालिचा माळ्यावर फेकण्याआधी नातवंडांनी निदान तो कुठून आला, हे आजीला विचारावे.